घरातल्या यंत्रांना कायमचा आयपी पत्ता द्यायचा, तर तो यंत्रात लिहावा की राउटरमध्ये?

गावभागकर | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हापासून राउटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, प्रिंटर ही सारी यंत्रे आम्ही वरच्या मजल्यावर एका कपाटात हलवली आहेत. मी घरातूनच करसल्लागाराचे काम करतो, त्यामुळे प्रिंटर ही आमच्याकडे रोजच्या भाकरीशी बांधलेली वस्तू आहे. त्याखेरीज चार कॅमेरे, फोटो आणि हिशेब साठवण्याचा एक नेटवर्क डिस्कचा डबा, टीव्ही, दोन लॅपटॉप आणि पाच मोबाइल एवढा संसार एकाच राउटरवर आहे.

अडचण अशी की लाइट जाऊन आली की प्रिंटरचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या जाळ्यात त्याला ओळखण्याचा क्रमांक, बदलतो. काल तो १९२.१६८.१.५ असतो, आज १९२.१६८.१.९ होतो, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहून ‘ऑफलाइन’ असे दाखवतो. माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात प्रिंटरच्याच मेनूत जाऊन ५ हा क्रमांक कायमचा लिहून दिला. पंधरा दिवस सगळे उत्तम चालले, आणि मग एके दिवशी मुलीच्या मोबाइलचे इंटरनेट अधूनमधून बंद पडू लागले व प्रिंटरही रुसला. पाहिले तर मोबाइललाही १९२.१६८.१.५ हाच पत्ता मिळालेला होता.

इंटरनेट देणाऱ्याच्या माणसाला विचारले, तर त्याने ‘स्टॅटिक आयपी घ्या, दरमहा जादा पैसे पडतील’ असे सांगितले. ते खरोखर आवश्यक आहे का? आणि पत्ता कायम करायचा, तर तो यंत्रात लिहावा की राउटरमध्ये? कोणते क्रमांक निवडावेत? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

मिरजवाला | सोमवार, रात्री १०.०५

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे वाचतात. इंटरनेट कंपनी जो ‘स्टॅटिक आयपी’ विकते तो तुमच्या घराचा बाहेरच्या जगातला पत्ता आहे; घरातल्या घरात प्रिंटर सापडण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १० ने सुरू होणारे सगळे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचेही तसेच. हा नियम फेब्रुवारी १९९६ मध्ये कागदावर आला आणि तेव्हापासून जगातल्या कोट्यवधी घरांत हेच आकडे पुन्हा पुन्हा वापरले जातात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री ११.२०

गावभागकर, तुमच्या घरी काय घडले हे समजण्यासाठी एसटीची गाडी डोळ्यांसमोर आणा. गाडी फलाटाला लागते, कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तर कोणाच्या हातात आरक्षणाचे तिकीट असते. रुमाल टाकणारा जागेवर बसतो हे खरे, पण त्याची जागा कंडक्टरच्या कागदावर नसते. कंडक्टर तीच जागा दुसऱ्याला देतो आणि मग दोघे एकाच आसनासाठी उभे राहतात. भाच्याने प्रिंटरच्या मेनूत ५ लिहिले, तेव्हा त्याने रुमाल टाकला. राउटरला ते कळलेच नाही, आणि त्याने आपल्या यादीत मोकळा दिसणारा ५ मुलीच्या मोबाइलला देऊन टाकला.

पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचे आजही चालू असलेले नियम मार्च १९९७ चे आहेत. नवे यंत्र जाळ्यात आले की ते ‘पत्ता देणारे कोणी आहे का?’ अशी हाक सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारते. राउटर एक पत्ता देऊ करतो. यंत्र ‘हाच मला द्या’ म्हणते. राउटर होकार देतो. या चार निरोपांत व्यवहार पुरा होतो. पण पत्ता मिळतो तो भाड्याने, ठरावीक मुदतीसाठी. बहुतेक घरगुती राउटरांत ही मुदत एका दिवसाच्या आसपास असते, काहींत दोनच तास. मुदत निम्मी सरली की यंत्र आपण होऊन ती वाढवून मागते, म्हणून एरवी आपल्याला बदल जाणवत नाही.

मग लाइट गेल्यावरच गोंधळ का होतो? कारण कोणाला कोणता पत्ता दिला याची यादी पुष्कळ साधे राउटर तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की पाटी कोरी. वीज आल्यावर सगळी यंत्रे आगेमागे सुरू होतात आणि जो आधी येईल त्याला पहिला मोकळा क्रमांक मिळतो. तुमचा प्रिंटर जागा व्हायला मिनिट-दीड मिनिट घेत असेल, तर तोवर टीव्हीने आणि मोबाइलांनी आधीचे क्रमांक घेतलेले असतात.

याचा योग्य उपाय म्हणजे आरक्षण. राउटरच्या मांडणीच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता लिहिला की ते उघडते) ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘स्टॅटिक लीज’ अशा नावाचा भाग असतो. तिथे प्रिंटरचा मॅक पत्ता (नेटवर्क जोडणीला कारखान्यात दिलेली ओळखखूण) आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता यांची जोडी लिहायची. ही जोडी कायमच्या स्मृतीत राहते, वीज गेली तरी पुसली जात नाही. प्रिंटरमध्ये मात्र ‘आपोआप’ हीच निवड ठेवायची, म्हणजे तो दर वेळी मागेल आणि दर वेळी त्याला तोच पत्ता मिळेल. माझे मत स्पष्ट आहे: घरात पत्त्यांचे दप्तर एकच असावे, आणि ते राउटरमध्ये असावे.

तारजोडणी | मंगळवार, सकाळी ७.१५

अजिंक्यतारा यांचे विवेचन बरोबर आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी कुपवाडला राहतो आणि वीस वर्षे सांगली-मिरजेत कॅमेरे व नेटवर्क बसवण्याचे काम करतो. ‘दप्तर राउटरमध्ये’ हे ऐकायला छान आहे. पण ते दप्तर कोणाच्या मालकीचे असते, ते पाहा. बहुतेक घरांत राउटर हा इंटरनेट देणाऱ्याचाच फायबरचा डबा असतो. तो बिघडला की त्यांचा माणूस येतो, जुना डबा काढून नवा लावतो, वायफायचे नाव घालतो आणि जातो. तुमची सगळी आरक्षणे जुन्या डब्याबरोबर गेली. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत असेच झाले होते. डबा बदलला त्या रात्री आठही कॅमेऱ्यांचे पत्ते बदलले, रेकॉर्डर जुन्या पत्त्यांवर शोधत राहिला, आणि चार दिवसांचे चित्रण झालेच नाही. मालकांच्या लक्षात आले ते पोती मोजताना.

त्या दिवसापासून मी कॅमेरे आणि रेकॉर्डर यांचे पत्ते यंत्रातच लिहितो. राउटर बंद पडला, काढून नेला, तरी कॅमेरे आणि रेकॉर्डर एकाच स्विचवर, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यावर, एकमेकांशी बोलत राहतात. चित्रणाला इंटरनेट लागत नाही, राउटरही लागत नाही.

गावभागकर, एक विचारतो. तुमच्या कॅमेऱ्यांना जाड गोल वायर आहे की लॅन केबल? जाड कोॲक्सियल वायर असेल तर त्या कॅमेऱ्यांना आयपी पत्ताच नसतो. पत्ता फक्त रेकॉर्डरला लागतो, आणि तुमचे निम्मे काम कमी होते.

गावभागकर | मंगळवार, सकाळी ८.०२

लॅन केबल आहे. चारही कॅमेरे एका स्विचमधून वीज आणि नेट दोन्ही घेतात, आणि रेकॉर्डरही त्याच स्विचला जोडलेला आहे.

कोयनाकाठ | मंगळवार, दुपारी २.३०

मी कराडला कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. अजिंक्यतारा आणि तारजोडणीदादा यांचे म्हणणे एकमेकांच्या विरोधात आहे असे मला वाटत नाही. रुमाल टाकण्यात दोष नाही. ज्या आसनांचे आरक्षण कंडक्टर करतो, त्याच आसनांवर रुमाल टाकण्यात दोष आहे.

१९२.१६८.१ या जाळ्यात, सबनेट मास्क (जाळे किती मोठे आहे हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असताना, एकूण २५६ क्रमांक असतात. त्यांतला ० हा जाळ्याच्या नावाचा आणि २५५ हा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, म्हणून वापरायला २५४ उरतात. पुष्कळ राउटर कारखान्यातून येताना २ पासून २५४ पर्यंतचे सगळेच क्रमांक वाटपासाठी खुले ठेवतात, आणि भांडणाचे मूळ इथे आहे. राउटरच्या डीएचसीपी पानावर जाऊन वाटपाचा पट्टा १०० ते १९९ असा आवळून टाका. पाहुणे आले, त्यांचे मोबाइल आले, तरी शंभर क्रमांक घराला भरपूर झाले. आता २ ते ९९ ही जमीन राउटर आपण होऊन कोणालाही देणार नाही. यंत्रात पत्ता लिहायचा असेल तर तो इथलाच लिहावा.

कशाला काय द्यावे, याबद्दल माझा अनुभव असा. कॅमेरे, रेकॉर्डर आणि दुसरा राउटर असल्यास तो, यांचे पत्ते यंत्रातच लिहावेत. प्रिंटर, नेटवर्क डिस्क आणि टीव्ही यांना आरक्षण द्यावे. मोबाइल आणि लॅपटॉप यांना काहीच देऊ नये; ती घराबाहेर फिरणारी यंत्रे आहेत आणि त्यांना शोधत कोणी जात नाही.

एक सावधगिरी. काही राउटर वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा क्रमांक आरक्षणासाठी मान्य करतात, काही करत नाहीत आणि चूक दाखवतात. तुमचा राउटर नाकारत असेल, तर आरक्षणाचे क्रमांक पट्ट्याच्या आतले, म्हणजे १०० च्या पुढचे घ्या. तेही तितकेच सुरक्षित असतात, कारण आरक्षित क्रमांक राउटर दुसऱ्या कोणाला देत नाही.

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी ३.१०

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. तारजोडणी यांनी सांगितलेली पेढीची हकीकत वाचल्यावर कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी माझे मत बदलतो. प्रिंटरबद्दल मात्र ठाम आहे. आणखी एक सुचवतो: पुष्कळ राउटरांत सगळी मांडणी एका फाइलमध्ये जतन करून ठेवण्याची सोय असते. ती फाइल लॅपटॉपवर ठेवा. मात्र ती बहुधा त्याच जातीच्या राउटरवर परत चढते, वेगळ्या कंपनीचा डबा आला तर तिचा उपयोग होत नाही.

गावभागकर | मंगळवार, रात्री ९.१५

सर्वांचे मनापासून आभार. राउटरच्या पानावर पोहोचलो. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत प्रत्येकापुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसतात, तोच मॅक पत्ता असावा असे समजतो. दोन शंका आहेत. एक, मुलीच्या मोबाइलवर छापलेला मॅक पत्ता आणि राउटरला दिसणारा पत्ता जुळत नाहीत. दोन, प्रिंटरने छापून दिलेल्या माहितीच्या कागदावर दोन वेगवेगळे मॅक पत्ते आहेत. यांतला खरा कोणता?

पाचवे सत्र | मंगळवार, रात्री १०.४०

काका, मी विश्रामबागेत राहतो आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन्ही पत्ते खरे आहेत. मॅक पत्ता यंत्राचा नसतो, यंत्राच्या जोडणीचा असतो. प्रिंटरला केबलचे भोक आणि वायफाय दोन्ही असतील, तर दोघांचे दोन मॅक पत्ते असतात. तुम्ही प्रिंटर ज्या मार्गाने जोडला आहे त्याचाच पत्ता आरक्षणात लिहा. पुढे कधी वायफाय सोडून केबल लावलीत, तर आरक्षण आपोआप निकामी होईल, हे लक्षात ठेवावे लागेल.

मोबाइलची गोष्ट वेगळी आहे. मॅक पत्त्यावरून माणसाचा माग काढता येतो, म्हणून मोबाइल आता प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला पत्ता सांगतात. अँड्रॉइडमध्ये २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये २०२० च्या चौदाव्या आवृत्तीपासून ही सोय मुळातच चालू असते. असा बनवलेला पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या जोडीतले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यात दिलेला नाही, यंत्राने स्वतः घेतलेला आहे. घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करता येते. पण कोयनाकाठ मॅडम म्हणतात त्याप्रमाणे मोबाइलला कायमचा पत्ता लागतच नाही, म्हणून ती आहे तशी चालू राहू द्यावी, असे मला वाटते.

द्राक्षबाग | बुधवार, सकाळी ६.५०

दुसऱ्या राउटरचा उल्लेख वर आला आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो, कारण त्यापायी माझे आठ दिवस गेले. आमची वस्ती तासगावजवळ आहे. घरापासून बेदाण्याचे शेड सत्तर मीटरवर आहे. तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर, तेव्हा केबल पोहोचली. शेडमध्ये वायफाय हवे म्हणून तिच्या टोकाला मी जुना राउटर लावला. दुसऱ्या दिवसापासून घरातले काही मोबाइल चालत, काही चालत नसत, आणि कोणते चालतील याला काही नियम नव्हता.

कारण असे निघाले की जुना राउटरही पत्ते वाटत होता आणि त्याचा स्वतःचा पत्ताही घरच्या राउटरसारखाच १९२.१६८.१.१ होता. एका सजाला दोन तलाठी, आणि दोघांचे शिक्के एकच. ज्या मोबाइलला शेडच्या राउटरकडून पत्ता मिळे, तो बाहेरचा रस्ता शेडच्या राउटरला विचारी, आणि तिथून पुढे रस्ताच नव्हता.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुना राउटर घरच्या जाळ्यातून पूर्ण सोडवून घेतला आणि लॅपटॉप एकट्या त्याला जोडला. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला. मग त्याचे डीएचसीपी बंद केले. त्यानंतर घरून आलेली केबल त्याच्या वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ म्हणजे इंटरनेटकडच्या भोकात न लावता साध्या ‘लॅन’ भोकात लावली. तेव्हापासून दोन हंगाम झाले, एकदाही अडचण आली नाही. गावभागकर, तुमच्याकडे फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील, तर दोघेही पत्ते वाटत नाहीत ना, हे आधी पाहून घ्या.

मिरजवाला | बुधवार, सकाळी ९.००

द्राक्षबाग यांच्या मुद्द्याला जोडून एक खूण सांगतो. एखाद्या यंत्राने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दाखवला, तर तो राउटरने दिलेला नाही. हाक मारूनही कोणी उत्तर दिले नाही, म्हणून यंत्राने तो स्वतःच घेतला आहे. तेव्हा आरक्षणात चूक शोधत बसू नये. केबल, स्विच आणि राउटर चालू आहे का, हे आधी पाहावे.

शाहूपुरी | बुधवार, दुपारी १२.४५

यंत्रात पत्ता लिहिताना काय राहून जाते, ते सांगतो. माझी नोकरी साताऱ्यात, आईवडील सांगलीला. वडिलांच्या संगणकाला मी दिवाळीत स्वतः पत्ता लिहून दिला. आयपी लिहिला, मास्क लिहिला, गेटवे, म्हणजे जाळ्यातून बाहेर जाण्याचे दार, म्हणून राउटरचा १९२.१६८.१.१ लिहिला आणि रात्रीच्या गाडीने परत आलो. सकाळी वडिलांचा फोन आला की प्रिंटर चालतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, रकाना मी रिकामा सोडला होता. राउटरकडून पत्ता मिळतो तेव्हा मास्क, गेटवे, डीएनएस हे सारे त्याच्याबरोबरच येते. हाताने लिहिले की चारही गोष्टी आपल्याच अंगावर. तिथे राउटरचाच पत्ता किंवा ८.८.८.८ असा सार्वजनिक डीएनएस लिहावा लागतो. बहात्तर वर्षांच्या माणसाला फोनवरून तो रकाना शोधायला लावणे मला फार जड गेले. त्यानंतर मी त्यांच्या घरी सगळे राउटरमध्येच आरक्षित केले, आणि त्यांच्या संगणकाला हात लावलेला नाही.

पोवई नाका | बुधवार, दुपारी ४.२०

मला मुळात प्रश्न पडतो की प्रिंटरसाठी एवढा खटाटोप हवाच का? आजचे प्रिंटर आपले नाव जाळ्यात जाहीर करतात, शेवटी ‘डॉट लोकल’ असलेले. संगणकात प्रिंटर जोडताना आकड्यांऐवजी ते नाव दिले, तर पत्ता कितीही वेळा बदलला तरी संगणक नावाने विचारून त्याला शोधतो. ही पद्धत २०१३ साली प्रमाणित झाली आहे. माझ्या घरी एकाही यंत्राला कायमचा पत्ता नाही आणि काही अडत नाही.

कोयनाकाठ | बुधवार, सायंकाळी ६.००

तुमचे म्हणणे घरगुती वापराला लागू पडते, आणि ज्याला राउटरच्या पानात शिरायचेच नाही त्याने हाच मार्ग घ्यावा, असे मीही सांगेन. पण नावाची ही हाक एका जाळ्याच्या भिंतीबाहेर जात नाही, जुन्या संगणकांना ती समजत नाही, आणि काही राउटर वायफाय व केबल यांच्यामध्ये ती नीट पोहोचू देत नाहीत. गावभागकरांचा विवरणपत्रांचा हंगाम जुलैअखेरीस असतो. त्या आठवड्यात ‘बहुधा सापडेल’ यावर त्यांनी विसंबू नये.

हळदपेठ | बुधवार, रात्री ८.३०

मला हे कॅमेरे पुण्याहून मोबाइलवर पाहायचे आहेत. रेकॉर्डरला कायमचा पत्ता दिला म्हणजे होईल का?

अजिंक्यतारा | बुधवार, रात्री ९.५०

तेवढ्याने होणार नाही. राउटरमध्ये ‘बाहेरून आलेली हाक अमुक यंत्राकडे पाठव’ असा नियम लिहावा लागतो, आणि तो नियम टिकावा म्हणून रेकॉर्डरचा आतला पत्ता कायम असणे गरजेचे असते. पण घराला बाहेरचा खरा पत्ताही हवा. राउटरच्या पानावर ‘वॅन’ पुढे १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला पत्ता दिसत असेल, तर तो खरा सार्वजनिक पत्ता नाही. अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवता यावे, म्हणून २०१२ साली हा पट्टा इंटरनेट कंपन्यांसाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी बाहेरची हाक तुमच्या दारापर्यंत येतच नाही. इथे मात्र मिरजवाला यांनी सांगितलेल्या, पैसे देऊन घ्यायच्या पत्त्याचा उपयोग होतो.

तरीही मी तसे करा म्हणून सांगणार नाही. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे म्हणजे दुकानाची किल्ली रस्त्यावरच्या खिळ्याला टांगणे. परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच असलेले रेकॉर्डर शोधत फिरणारे कार्यक्रम रात्रंदिवस चालू असतात. घरी व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याची बंदिस्त वाट, उभारून त्यातून आत यावे. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर मी सविस्तर लिहीन.

गावभागकर | रविवार, रात्री ८.१०

काम झाले. आज सकाळी मुलगी आणि मी दोघे बसलो आणि अडीच तासांत सगळे मार्गी लावले. जे केले ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी हा धागा वाचेल त्याला उपयोग होईल.

प्रथम डीएचसीपीचा पट्टा १०० ते १९९ केला. राउटर १ वरच राहिला. रेकॉर्डरला १०, कॅमेऱ्यांना ११ ते १४, हे क्रमांक यंत्रात लिहिले. नेटवर्क डिस्कला २० आणि प्रिंटरला २१ असे आरक्षण राउटरमध्ये केले. आमच्या राउटरने पट्ट्याबाहेरचे क्रमांक विनातक्रार घेतले. प्रिंटरच्या मेनूतला भाच्याने लिहिलेला ५ काढून पुन्हा ‘आपोआप’ केले.

तीन ठिकाणी अडलो. पहिल्या वेळी आरक्षणात प्रिंटरचा केबलचा मॅक पत्ता लिहिला गेला आणि प्रिंटर मात्र वायफायवर होता. पाचवे सत्र याने सावध केले नसते, तर दुपार तिथेच गेली असती. दुसरे म्हणजे आरक्षण करूनही प्रिंटर जुनाच पत्ता धरून बसला होता, कारण त्याची आधीची मुदत संपलेली नव्हती. तो बंद करून पुन्हा चालू केल्यावर २१ मिळाला. तिसरी गोष्ट इथे कोणी सांगितलेली नाही. प्रिंटर २१ वर आला, ‘पिंग’ला (यंत्र जाळ्यात आहे का हे विचारणाऱ्या हाकेला) उत्तर देऊ लागला, तरी संगणक ‘ऑफलाइन’च म्हणत होता. विंडोजमध्ये प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘पोर्ट्स’ नावाचे पान आहे, आणि तिथे अजून जुना ५ लिहिलेला होता. नवे टीसीपी-आयपी पोर्ट १९२.१६८.१.२१ या पत्त्याने तयार केले आणि पहिला कागद बाहेर आला. दोन्ही लॅपटॉपांवर हे वेगवेगळे करावे लागले.

सगळ्या क्रमांकांचा तक्ता मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिला, आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. तारजोडणी यांनी सांगितल्याप्रमाणे उद्या डबा बदलला गेला, तरी त्यावरून आरक्षणे पुन्हा लिहिता येतील. दुपारी मुद्दाम मुख्य बटण पाडून दहा मिनिटांनी वर केले. सगळी यंत्रे आपापल्या क्रमांकावर परत आली, आणि प्रिंटरने पहिल्याच हाकेला कागद छापला.

आता एकच गोष्ट उरली आहे. कॅमेऱ्यांच्या चित्रावर उमटणारी वेळ आज पाहिली, तर ती बरोबर अडीच तास पुढे आहे. कॅमेऱ्यांचे पत्ते हाताने लिहिले त्याचा हा परिणाम आहे का?

तारजोडणी | रविवार, रात्री ९.२५

पत्त्याचा दोष नाही. वेळ बरोबर अडीच तास पुढे असेल, तर कॅमेऱ्यात वेळेचा विभाग चीनचा, म्हणजे +८.०० राहिला आहे. आपला +५.३० आहे, म्हणून फरक नेमका अडीच तासांचा पडतो. तुम्ही मांडणी बदलताना कॅमेरे कारखान्याच्या मूळ स्थितीत नेले असतील, तेव्हा हा विभाग परत गेला असेल. प्रत्येक कॅमेऱ्याच्या ‘टाइम’ पानावर विभाग +५.३० करा. त्याच पानावर वेळ कोणाकडून घ्यायची ते विचारले जाते; तिथे इंटरनेटवरचे नाव न लिहिता रेकॉर्डरचा पत्ता, म्हणजे १९२.१६८.१.१० लिहा, आणि रेकॉर्डरमध्ये वेळ वाटण्याची सोय असल्यास ती चालू करा. मग नेट बंद असले तरी चारही कॅमेरे एकाच घड्याळावर चालतील. पोलिसांना चित्रण द्यायची वेळ आली, तर त्यावरची वेळ बरोबर असणे फार महत्त्वाचे ठरते, म्हणून हे आजच करून घ्या.

गावभागकर | रविवार, रात्री १०.०५

मूळ स्थितीत नेले होते, बरोबर. चारही कॅमेऱ्यांत विभाग बदलला आणि वेळेसाठी १० हा पत्ता लिहिला. अंगणातला कॅमेरा आता १० वाजून ४ मिनिटे दाखवतो आहे आणि भिंतीवरचे घड्याळही तेच दाखवते. तक्त्यावर मुलीने तेवढी ओळ वाढवली आहे.